डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयू म्हणतं जागा आहे: मधली जागा शोधायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबुंटूवरचा ४० जीबी डिस्कचा भाड्याचा सर्व्हर, त्यावर डॉकरमध्ये (ॲपला वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) चालणारं एक ॲप आणि शेजारी मायएसक्यूएल हा डेटाबेस. सकाळी साइट बंद पडली. डीएफ (डिस्कवर किती जागा शिल्लक आहे ते सांगणारी कमांड) दाखवतं ३८ जीबी वापरलेली, शिल्लक शून्य. डीयूने (फोल्डरांनी घेतलेली जागा मोजणारी कमांड) सगळं मोजलं तर बेरीज २४ जीबीवर थांबते. मधले १४ जीबी कुठे गेले, आणि साइट पुन्हा उभी करायला यातलं काय पुसलं तर चालेल?

पहिली विनंती: उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत काहीही पुसू नका. गेली अठरा वर्षं मी हेच काम करतोय. डिस्क भरल्यामुळे कायमचा डेटा गेलेला मी क्वचित पाहिला. भरलेली डिस्क घाईने रिकामी करताना गेलेला मात्र अनेकदा पाहिला. मोजणं आणि पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती वेगवेगळ्या वेळी, शक्य असेल तर वेगवेगळ्या टर्मिनलमध्ये करावीत.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाकायच्या. उदाहरणार्थ, खाली येणारं जागा मोजायचं साधन एनसीडीयू म्हणजे एन, सी, डी, यू ही चार लहान अक्षरं.)

आता दोन आकडे का जुळत नाहीत ते आधी समजून घेऊ. शेतजमिनीच्या व्यवहारात पडलेल्या माणसाला हे लगेच कळेल. सातबाऱ्यावर एक क्षेत्र लिहिलेलं असतं आणि मोजणीवाला बांधाबांधाने फिरून प्रत्यक्ष मोजतो. दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही, आणि जुळले नाहीत म्हणून त्यातला एक खोटा ठरतो असंही नाही. डीएफ म्हणजे सातबारा. ते फाइलसिस्टिमला (डिस्कवरच्या फाइलचा हिशोब ठेवणारी व्यवस्था) एकच प्रश्न विचारतं, किती ब्लॉक, म्हणजे डिस्कचे ठरावीक आकाराचे तुकडे, दिलेत आणि किती शिल्लक आहेत, म्हणून क्षणात उत्तर मिळतं. डीयू म्हणजे मोजणी. ते प्रत्येक फोल्डरमध्ये शिरतं, प्रत्येक फाइलने घेतलेले ब्लॉक विचारतं आणि बेरीज करत जातं. १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून ते हेच करत आलंय. यातून एक गोष्ट निघते आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: डीयूला फक्त तीच जागा दिसते, जिच्यापर्यंत एखाद्या नावाने पोचता येतं. तुमचे १४ जीबी म्हणजे डिस्कवर असलेली, पण तुमच्या डीयूला नावाने न सापडलेली जागा.

नाव न सापडण्याचं सगळ्यात साधं कारण परवानगी. तुम्ही डीयू सुडो (कमांड रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालवणारा शब्द) न लावता चालवलंत का? आणि शेवटी चुकांचे संदेश दडवणारी ती शेपटी जोडली होतीत का, जी सगळे जण सवयीने जोडतात? तसं असेल तर /व्हार/लिब/डॉकर आणि /व्हार/लिब/मायएसक्यूएल ही दोन्ही घरं मोजणीतून गाळली गेली आणि तशी सूचनाही तुम्हाला दिसली नाही. डॉकर आणि डेटाबेस एकाच सर्व्हरवर असताना हे दोनच फोल्डर १४ जीबी सहज खातात. त्यामुळे मोजणी नेहमी रूट म्हणून करायची.

या कामाला मी एनसीडीयू वापरतो. योरान हेलिंग या डच प्रोग्रामरने २००७ पासून ते सांभाळलंय. आधी ते सी भाषेत होतं, २०२२ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती त्याने झिग भाषेत नव्याने लिहिली. कामाचं स्वरूप डीयूचंच आहे, पण एकदा मोजून झालं की सगळा वृक्ष मेमरीत राहतो आणि बाणाच्या कळांनी हव्या त्या फोल्डरमध्ये शिरता येतं. सर्वांत मोठं फोल्डर सर्वांत वर. डीयूची पाचशे ओळींची यादी वाचताना डोळे जे गाळतात, ते इथे पहिल्या ओळीत उभं असतं.

सुडो एनसीडीयू -एक्स -आर / ही माझी नेहमीची सुरुवात. -एक्स म्हणजे ही एकच फाइलसिस्टिम मोज, दुसरी डिस्क किंवा नेटवर्कवरून जोडलेलं फोल्डर आलं तर बाहेरूनच परत फिर. डॉकर असलेल्या मशीनवर हा पर्याय विसरू नका. चालू कंटेनरची एकत्र जोडलेली फाइलसिस्टिम ओव्हरलेटूच्या (डॉकर आपले थर ठेवतो ते फोल्डर) खाली पुन्हा एकदा दिसते, आणि -एक्स नसेल तर तीच जागा दोनदा मोजली जाऊन आकडा फुगतो. -आर म्हणजे फक्त वाच. एनसीडीयूमध्ये लहान डी दाबलं की समोरची फाइल पुसण्याची तयारी होते. ते विचारतं खरं, पण पहाटे तीन वाजता माणूस विचारलेलं वाचत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी -आर असलेला एलियास (कमांडचं टोपणनाव) पहिल्या दिवशीच करून देतो.

पडद्यावर फाइलच्या नावाआधी अधूनमधून एखादं चिन्ह दिसेल. त्याकडे लक्ष द्या, कारण मोजणीवाल्याचे शेरे तेच आहेत. उद्गारचिन्ह म्हणजे हे फोल्डर वाचता आलं नाही. नुसता टिंब म्हणजे आतल्या कुठल्या तरी फोल्डरमध्ये वाचताना अडचण आली, म्हणजे समोरचा आकडा अपुरा आहे. मोठा एच म्हणजे ही हार्ड लिंक (त्याच फाइलचं आणखी एक नाव) आहे आणि हिची जागा आधीच कुठेतरी मोजली गेलीय. मोठेपणाचं चिन्ह म्हणजे ही दुसरी फाइलसिस्टिम, आत गेलो नाही. लहान ए दाबलं की फाइलचा दिसणारा आकार आणि डिस्कवर खरोखर घेतलेली जागा यांत अदलाबदल होते. हे उपयोगी पडतं, कारण काही फाइल पोकळ असतात. व्हर्च्युअल मशीनची इमेज १०० जीबीची दिसते आणि प्रत्यक्षात ६ जीबीच घेते. ती पुसून १०० जीबी मिळतील असं गृहीत धरणारे भेटतात. लहान सी दाबलं तर प्रत्येक फोल्डरमध्ये एकूण किती नग (फाइल आणि फोल्डर) आहेत ते दिसतं. त्याचं कारण खाली येईल.

डिस्क पूर्ण भरली असेल तर ॲप्टने एनसीडीयू बसवताच येत नाही, कारण पॅकेज उतरवायलाही जागा लागते. अशा वेळी स्वतःच्या लॅपटॉपवर हेलिंगच्या साइटवरून एनसीडीयूचं स्टॅटिक बायनरी घ्या. एकच फाइल असते, तिला दुसरं काही लागत नाही. ती एससीपीने (दुसऱ्या मशीनवर फाइल पाठवणारी कमांड) सर्व्हरच्या /डेव्ह/एसएचएम मध्ये टाका. ते फोल्डर डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं, त्यामुळे डिस्क शंभर टक्के भरलेली असली तरी तिथे लिहिता येतं. आणखी एक सोय मला फार आवडते. सर्व्हरवर एनसीडीयू -ओ- चालवलं की मोजणीचा निकाल पडद्याऐवजी बाहेर पाठवला जातो, तो एसएसएचमधून (सर्व्हरशी दुरून जोडून घ्यायची सोय) पाइप करून आपल्या लॅपटॉपवरच्या एनसीडीयू -एफ- ला द्यायचा. सर्व्हरवर फक्त मोजणी होते, बघणं सगळं आपल्या मशीनवर. त्या बघण्यातून चुकून काही पुसलं जाण्याचीही शक्यता राहत नाही.

काहीच मिळत नसेल तर डीयू -एक्सएच -डी १ / आणि पुढे पाइप करून सॉर्ट -एच. एकेक पायरी खाली उतरत जायचं. वेळ लागतो, पण उत्तर मिळतं.

समजा सुडोने, -एक्स लावून मोजलं, शेरेही पाहिले, तरी बेरीज ३८ वर जात नाही. मग खरोखरच निनावी जागा आहे. इथे माझा पहिला संशय नेहमी पुसलेल्या पण उघड्या फाइलवर जातो. लिनक्समध्ये आरएम फाइल पुसत नाही, फाइलचं नाव पुसतं. एखाद्या चालू प्रोसेसने ती उघडून ठेवली असेल तर ब्लॉक तसेच धरून ठेवले जातात आणि प्रोसेस आत लिहीतही राहते. नाव गेलं म्हणून डीयूला दिसत नाही. ब्लॉक सुटले नाहीत म्हणून डीएफला दिसते. गेल्या काही दिवसांत कुणी /व्हार/लॉग मधली एखादी जाडजूड लॉग फाइल हाताने पुसली का, हे आठवून बघा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ती अवस्था नेमकी हीच.

तपासायला सुडो एलएसओएफ +एल१. ज्या उघड्या फाइलच्या लिंक एकाहून कमी, म्हणजे शून्य उरल्यात, त्यांची यादी ही कमांड देते: कुठली प्रोसेस, तिचा क्रमांक, फाइलचा आकार. मोठी फाइल सापडली तर ती धरणारी सेवा रीस्टार्ट करा, जागा लगेच सुटते. रीस्टार्ट शक्य नसेल, उदाहरणार्थ भर दिवसा डेटाबेस बंद करता येत नसेल आणि फाइल नुसता लॉग असल्याची खात्री असेल, तर /प्रोक च्या आत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली एफडी फोल्डरमध्ये त्या फाइलचा दुवा असतो. त्यावर ट्रंकेट -एस ० चालवलं की आकार शून्य होतो. पण डेटाबेसच्या तात्पुरत्या फाइलही याच यादीत दिसतात, त्यांना हात लावायचा नाही.

म्हणूनच चालू असलेला लॉग कधी आरएम करू नये. आकार शून्य करावा, नाहीतर लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं साधन) नीट लावावं.

दुसरा संशय माउंटखाली, म्हणजे फोल्डरवर जोडलेल्या डिस्कखाली, दडलेल्या फाइलवर. हा मी स्वतः एकदा दोन रात्री शोधलाय. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर रोज रात्री बॅकअप एका वेगळ्या डिस्कवर जायचा, ती डिस्क /बॅकअप या फोल्डरवर जोडलेली असायची. कधीतरी रीबूटनंतर ती जोडलीच गेली नाही. फोल्डर मात्र होतं, रिकामं, मुख्य डिस्कवरचं. स्क्रिप्टने काही न विचारता आठवडाभर बॅकअप त्यातच टाकले. मग कुणीतरी डिस्क पुन्हा जोडली आणि ते सगळे बॅकअप तिच्याखाली झाकले गेले. नाव आहे, पण त्या नावापर्यंत जायचा रस्ता बंद. डीयू, एनसीडीयू, एलएसओएफ, सगळे निर्दोष अहवाल देत होते आणि मुख्य डिस्क भरलेलीच. याला उपाय सोपा आहे, सुचायला वेळ लागतो: माउंट --बाइंड / /एमएनटी करायचं आणि /एमएनटी वर एनसीडीयू चालवायचं. बाइंड माउंटमध्ये फक्त मूळ फाइलसिस्टिम येते, तिच्यावर जोडलेल्या डिस्क येत नाहीत, त्यामुळे झाकलेलं सगळं उघडं पडतं. काम झालं की अनमाउंट करायला विसरू नका. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टची पहिली ओळ डिस्क खरंच जोडलेली आहे का हे माउंटपॉइंट कमांडने तपासते, आणि नसेल तर तिथेच थांबते.

बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर स्नॅपशॉट (जुन्या स्थितीच्या जपलेल्या प्रती) हे तिसरं कारण, पण तुमचा सर्व्हर साधा उबुंटू आहे, बहुधा ईएक्सटी४, त्यामुळे ते सोडून देतो.

ईएक्सटी४ ची एक खोड मात्र सांगायला हवी, कारण तुमच्या आकड्यांत ती उघड दिसतेय. ४० पैकी ३८ वापरलेली आणि तरी शिल्लक शून्य? ते २ जीबी म्हणजे रूटसाठी राखून ठेवलेला ५ टक्के हिस्सा. डिस्क भरल्यावर साधे वापरकर्ते आणि सेवा अडतात, पण रूटला लॉगिन करून काम करता यावं म्हणून हा ठेवलेला असतो. तुम्ही आत शिरून हा प्रश्न विचारू शकलात, त्यात त्याचा वाटा असू शकतो. नुसता डेटा ठेवायच्या मोठ्या डिस्कवर ट्यून२एफएस -एम १ करून तो कमी करायला हरकत नाही, १ टीबीवर ५ टक्के म्हणजे जवळपास ५० जीबी होतात. मुख्य डिस्कवर त्याला हात लावू नका.

आणि डीएफ -आय एकदा बघाच. जागा शिल्लक असूनही "जागा नाही" असा संदेश येत असेल तर बहुधा आयनोड (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) संपलेले असतात. ईएक्सटी४ मध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण दर १६ केबीला एक. पीएचपीच्या सेशन फाइल, न गेलेल्या मेलची रांग, कुणीतरी लिहिलेला आणि कधीच साफ न होणारा कॅशे अशा लाखो चिमुकल्या फाइल जागा फारशी खात नाहीत, पण आयनोड संपवतात. आकाराच्या क्रमात त्या तळाशी जातात आणि दिसत नाहीत. तिथे एनसीडीयूमधलं लहान सी दाबायचं आणि मग मोठं सी दाबून संख्येच्या क्रमाने लावायचं. पडदा एकदम वेगळा दिसतो.

आता पुसण्याकडे येतो. आधी श्वास घेण्यापुरती जागा करायची, आणि ती निर्धोक ठिकाणाहून. सुडो ॲप्ट क्लीन ने उतरवलेली पॅकेजं जातात. जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज ने सिस्टिमडीचा जर्नल (सिस्टिमच्या नोंदींचा साठा) किती फुगलाय ते कळतं. तो मुळात फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत, पण ४ जीबीच्या आत राहतो. म्हणजे तुमच्या ४० जीबीवर तोच जवळपास ४ जीबी असू शकतो. --व्हॅक्यूम-साइझ=२००एम दिलं की जुने भाग नीट काढून टाकले जातात. साइट उभी राहायला एवढं पुरेल.

माझा अंदाज आहे की तुमची खरी फुगलेली जागा /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स मध्ये सापडेल. डॉकर कंटेनरच्या तोंडून बाहेर पडणारी प्रत्येक ओळ एका जेसन लॉगमध्ये लिहितो, आणि आपण सांगितल्याशिवाय त्या लॉगला कमाल मर्यादा नसते. बोलकं ॲप वर्षभर चालू राहिलं की एकच फाइल १० जीबी ओलांडते. लॉगमधलं काही हवं असेल तर दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या आणि ट्रंकेट -एस ० ने ती फाइल रिकामी करा. मग डॉकरच्या डेमन डॉट जेसन फाइलमध्ये मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल घाला. इथे एक गोम आहे: हे सेटिंग नव्याने तयार होणाऱ्या कंटेनरनाच लागतं. जुना कंटेनर नुसता रीस्टार्ट करून भागत नाही, तो काढून पुन्हा तयार करावा लागतो. ओव्हरलेटू मधले लांबलचक नावांचे फोल्डर मात्र एनसीडीयूमधून किंवा आरएमने कधीही पुसू नका. ते कुणाच्या तरी पायाखालचे थर आहेत. डॉकर सिस्टिम डीएफ ने हिशोब बघा आणि डॉकर सिस्टिम प्रून ने डॉकरलाच साफ करू द्या. त्यासोबत --व्हॉल्यूम्स लावायचा मोह टाळा, व्हॉल्यूममध्ये डेटा असतो.

मायएसक्यूएलच्या फोल्डरमध्ये बिनलॉग नावाच्या क्रमांकित फाइलची (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) रांग दिसेल. आवृत्ती ८ पासून त्या मुळातच चालू असतात आणि ३० दिवस ठेवल्या जातात, त्यामुळे पुष्कळ लिहिणाऱ्या डेटाबेसमध्ये त्या मूळ डेटापेक्षा मोठ्या होतात. त्या आरएमने काढल्या तर मायएसक्यूएलची स्वतःची यादी आणि डिस्क यांचा मेळ तुटतो. आत लॉगिन करून पर्ज बायनरी लॉग्ज ही कमांड द्या. रेप्लिका (या डेटाबेसवरून चालू राहणारी दुसरी प्रत) असेल तर तिने वाचून संपवल्याची खात्री आधी करा. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. तिथे बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या फोल्डरचं नाव पूर्वी पीजी_एक्सलॉग होतं. नावात लॉग आहे म्हणजे पुसायला हरकत नाही असं समजून लोकांनी ते रिकामं केलं आणि डेटाबेस गमावले. २०१७ मध्ये आवृत्ती १० आली तेव्हा ते नाव बदलून पीजी_वॉल करावं लागलं, त्याचं एक मोठं कारण हेच होतं.

एनसीडीयूच का, असंही कुणी विचारेल. गो भाषेतलं जीडीयू एसएसडीवर झपाट्याने मोजतं, रस्टमधलं डीयूए पण छान आहे. एनसीडीयूनेही २०२४ मधल्या २.५ आवृत्तीपासून -टी देऊन अनेक धाग्यांनी मोजायची सोय दिलीय. फिरत्या हार्ड डिस्कवर या समांतर मोजणीचा फारसा फायदा होत नाही. चालू सर्व्हरवर तर मला उलटंच हवं असतं, मोजणी सावकाश झाली तरी चालेल पण ग्राहकाची साइट अडू नये. म्हणून कमांडच्या आधी आयोनाइस -सी३ लावतो, म्हणजे डिस्क मोकळी असेल तेव्हाच मोजणी चालते.

साइट उभी राहिली की एक काम करून ठेवा. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर रविवारी पहाटे एनसीडीयू -एक्स -ओ ने निकाल फाइलमध्ये काढा, जीझिपने दाबा आणि दुसऱ्या मशीनवर पाठवा. पुढच्या वेळी डिस्क भरू लागली की गेल्या महिन्याची फाइल एका टर्मिनलमध्ये आणि आजची शेजारच्या टर्मिनलमध्ये उघडा, जे फोल्डर वाढलं ते दोन मिनिटांत सापडतं. तोवर सुडो लावून केलेल्या मोजणीची बेरीज, डीएफ -आय आणि एलएसओएफ +एल१ या तिन्हींचा निकाल कळवा. १४ जीबींचा माग त्यातूनच लागेल.